पहिला कप तुमचा

भगिनींनो, चहाची पावडर दुधात खळखळ उकळायची आपल्या हाताला सवय. दार्जिलिंगच्या पत्तीचा चहा मात्र तसा करू नये. तो कडवट होतो, सुगंध उडून जातो. कपाला एक चमचा पत्ती घ्यावी. पाण्याला उकळी येताच गॅस बंद करून ते पत्तीवर ओतावे, झाकण ठेवावे, तीन-चार मिनिटांनी गाळावे. दुधाची गरज नाही.

दोन कोवळी पाने आणि एक कळी! मळ्यात ती हाताने खुडतात, त्या बहुतेक स्त्रियाच. त्यांचे कष्ट उकळून वाया का घालवायचे?

आणि ती चार मिनिटे? भांडी घासू नका, स्वस्थ बसा. सर्वांना देऊन उरलासुरला आपण प्यायचा, ही रीत आता पुरे. आज पहिला कप तुमचा.