नळ्या नसलेला ऑर्गन

ऑर्गन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो संगीत नाटकातला, पायाने भाता मारीत वाजवायचा. त्यात धातूच्या पात्या असतात. युरोपातल्या चर्चमधला ऑर्गन मात्र निराळा. त्याचा वारा नळ्यांत शिरतो, आणि मोठ्या वाद्यात अशा नळ्या हजारोंनी असतात. पॅरिसच्या सँ-सुलपीस चर्चमध्ये कावाये-कोल याने १८६२ साली पुरा केलेल्या ऑर्गनला शंभर स्टॉप होते. असे वाद्य घरात आणणे कुणाला शक्य आहे?

पण आता त्याची एकेक नळी वेगळी ध्वनिमुद्रित करून संगणकात साठवता येते. पट्टी दाबली की त्या नळीचा सूर उमटतो आणि सोडली की त्याच चर्चमध्ये विरत जाणारा घुमाराही ऐकू येतो. ‘हाउप्टवेर्क’ ही प्रणाली २००२ साली आली. ‘ग्रँडऑर्ग’ तर फुकट मिळते. माझ्या खोलीत एकावर एक ठेवलेले दोन कीबोर्ड आहेत आणि खाली पायाने वाजवायच्या तीस पट्ट्यांची लाकडी चौकट.

हे खरे वादन नव्हे, असा आक्षेप मी अनेकदा ऐकतो. अलबत, नळ्यांपुढे बसून छातीत जाणवणारा वारा येथे नाही. घुमाराही ध्वनिमुद्रणाचे मायक्रोफोन जेथे ठेवले होते तेथलाच. एवढे मान्य. परंतु आक्षेप घेणाऱ्यांना मी उलट विचारतो, राइनबेर्गरचे सोनाटे तुम्ही कोठे ऐकलेत?

योझेफ राइनबेर्गर (१८३९–१९०१) याने मेजर व मायनर मिळून चोवीसही स्केलमध्ये एकेक सोनाटा लिहायचे योजले होते. वीस झाले आणि तो गेला. ड्रेस्डेनच्या गुस्टाव मेर्केलचे नऊ. त्यांतला पहिला तर दोन वादकांनी एकाच बाकावर बसून, चार हात आणि चार पाय चालवून वाजवायचा आहे! हे संगीत मागे पडले ते केवळ सामान्य होते म्हणून, असे मला वाटत नाही. ज्या वाद्यांसाठी ते लिहिले तीच हातची गेली. १९१७ साली जर्मनीत ऑर्गनांच्या दर्शनी कथिली नळ्या युद्धासाठी काढून नेल्या. पुढे १९२० नंतर अशी हवा आली की रोमँटिक ऑर्गनचा भरदार, मऊ आवाज म्हणजे बिघडलेली अभिरुची. कित्येक वाद्ये बाखच्या काळच्या धर्तीवर बदलून टाकली गेली. उरलेल्यांतली काही दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावात जळाली. जी वाचली, त्यांचे सूर आज घरबसल्या बोटांखाली येऊ शकतात, आणि स्वरलिप्या तर स्वामित्वहक्कातून केव्हाच मोकळ्या झाल्या आहेत.

म्हणूनच मला राग येतो तो आक्षेपकांपेक्षा आपल्याच बिरादरीचा. एवढे साधन हाती आले, आणि वाजवतात काय? पुन्हा व्हिदोरचा टोकाटा, पुन्हा बाखचा डी मायनर! ते कोणत्याही चर्चमध्ये ऐकायला मिळतात. शिवाय कुणी मेर्केल वाजवलाच तर तो पॅरिसच्या ऑर्गनवर, कारण तो जास्त गर्जतो. फ्रेंच वाद्यातले तुताऱ्यांसारखे कडक स्टॉप मेर्केलच्या संथ भागावर अक्षरशः स्वार होतात. त्याला लाडेगास्ट किंवा साउअर यांच्या वाद्यांचा जर्मन आवाजच हवा. निवड एका क्लिकची आहे, पण ती कानाने करायची असते. आणि सोनाटा वाजवायचा तर सबंध वाजवावा, शेवटचा जोरदार तुकडा तेवढा तोडून नव्हे.

सध्या मी राइनबेर्गरच्या आठव्या सोनाट्यातली पॅसाकाग्लिया बसवतो आहे. तिचे सूत्र तबल्याच्या साथीतल्या लेहऱ्यासारखे: खालचा सूर तोच फिरत राहतो आणि वर नवनवे रचले जाते. पायांचा भाग अजून अडखळतो. शेजारच्या काकू मात्र परवा विचारीत होत्या, हे देवळातले आहे की सिनेमातले?