आडोसा विकत मिळत नाही

खोलीचं दार आतून लावलं, की बाहेरून प्रश्न येतोच, ‘काय चाललंय आत?’ वन-बीएचकेत वाढलेल्या तुम्हा-आम्हाला हा प्रश्न तोंडपाठ आहे. मग आपण चिडतो, दार आपटतो, घरच्यांपासून स्टेटस लपवतो. प्रायव्हसी हवी आणि ती आत्ताच्या आत्ता हवी! माझंही हेच चाललं होतं. मत बदललं ते एका कुंपणामुळे.

माझी मावसबहीण कॅनडात, ओंटारिओत राहते. तिकडे घरामागच्या अंगणाला ‘सीडर’चं कुंपण करायची पद्धत आहे. नाव सीडर असलं, तरी आपल्या हिमालयातला देवदार वेगळा. हा थुजा. शाळेत आपण वहीत ज्याचं पान जपून ठेवायचो, त्या ‘विद्ये’च्या झाडाचा चुलतभाऊ म्हणा. हिवाळ्यात मेपलची पानं गळून सगळं उघडंबोडकं होतं, तेव्हाही हा हिरवा राहतो. म्हणून आडोशाला हाच हवा.

ताईनं घर घेतलं तेव्हा मागे काहीच नव्हतं. चहा घेऊन बाहेर बसलं, की शेजाऱ्यांच्या खिडक्या थेट समोर. तिनं घाईघाईनं ऑक्टोबरच्या शेवटी पुरुषभर उंचीची झाडं आणून लावली. एका दिवसात आडोसा तयार! एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, तर निम्मी ओळ तपकिरी. तिला वाटलं, झाडं थंडीनं मेली. खरं तर ती तहानेनं मेली होती. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही, पण वारा आणि ऊन हिरव्या पानांतली ओल शोषतच राहतात. वर एवढा पसारा आणि खाली मुळं अजून रुजलेलीच नाहीत, मग दुसरं काय होणार?

पुढच्या खेपेला तिनं कमरेएवढी रोपं घेतली. वसंत ऋतूत, दोन-दोन फुटांवर लावली. नेमानं पाणी घातलं. जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर भिजवलं, बुंध्याशी लाकडाच्या चिपांचं आच्छादन केलं आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधलं. वाढ वर्षाला साधारण फूटभर. ओळ डोक्याच्या वर जायला पाच वर्षं लागली.

छाटणीचेही दोन नियम आहेत. खाली रुंद आणि वर निमुळतं कापायचं, नाहीतर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि कुंपण तळाशी विरळ होतं. दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. आतल्या तपकिरी, जुन्या लाकडापर्यंत कापायचं नाही. आपली कोयनेल कितीही छाटा, पुन्हा फुटते. सीडर तिथून फुटत नाही, भोक तसंच राहतं. शिवाय कुंपणाची एक बाजू शेजाऱ्याच्या अंगणात असते. तिकडून छाटायचं तर त्याला विचारूनच जावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की घरातली प्रायव्हसीही अशीच वाढवावी लागते. एका भांडणात उभी केलेली भिंत पहिल्याच हिवाळ्यात वाळते, कारण तिच्याखाली विश्वासाची मुळं नसतात. त्यापेक्षा छोटं मागा. रोज एक तास माझा, फोन हातात घेण्याआधी मला विचारा, वगैरे. आणि रागात तोडून बोलताना आत किती खोल कापतोय, हे बघा. काही माणसं कोयनेलसारखी पुन्हा फुटतात, सगळीच नाही.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षं थांबायला वेळ कुणाला आहे? मान्य. ज्यांच्या घरी प्रश्नाच्या पुढे मारहाण, कोंडून ठेवणं असं काही असतं, त्यांनी थांबूही नये, मदत घ्यावी. पण बाकीच्या आपल्याला घाईचा हिशेब महागातच पडतो. ताईनं तर पैसे दोनदा मोजले.

मी महिन्यापूर्वी आईकडे रात्रीचा एक तास मागितला. ती हसली, थोडी रुसलीही. परवा मात्र तिनं दार वाजवलं आणि बाहेरूनच विचारलं, ‘येऊ का?’

पहिला फूट वाढला म्हणायचा!