अभिवादनाच्या पोस्टनंतर काय?

जुलै महिना आला की आमच्या मोबाईलवर अभिवादनाच्या पोस्टची रांग लागते. ११ जुलैला रमाबाई नगरचे शहीद, १५ जुलैला विलास घोगरे, १६ जुलैला राजा ढाले, १८ जुलैला अण्णाभाऊ साठे. फोटो, निळी चौकट, खाली मंडळाचे नाव आणि ‘विनम्र अभिवादन’. दुसऱ्या दिवशी पुढचा फोटो. यात वाईट काहीच नाही. पण एवढ्यावर आमचे देणे फिटते का, हा प्रश्न आता स्वतःला विचारायला हवा.

विलास घोगरे यांचेच घ्या. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या आपल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला, दहा जणांचा जीव गेला. चारच दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत या शाहिराने स्वतःला संपवले. ज्या डाव्या चळवळीसाठी ते गात होते तिने त्यांना आधीच दूर केले होते. त्याबद्दल डाव्यांना धारेवर धरणे आम्हाला सोपे जाते. पण त्या चार दिवसांत आमच्यापैकी किती जण त्यांच्या दारात गेले होते? त्यांचे गाणे आणि त्यांची गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत पोहोचली ती आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मुळे. त्या माहितीपटाला चौदा वर्षे लागली. चौदा वर्षे कॅमेरा घेऊन एक माणूस बाहेरून आमच्या वस्त्यांत येत राहिला. आमच्याकडे वस्त्या होत्या, माणसे होती, वर्गणी होती. मग हे काम आम्ही का केले नाही?

दूर कशाला जायचे? आमचा एक मित्र होता, ढोलकीवाला. आमच्या जयंतीत, धम्म परिषदेत, मोर्चात त्याची ढोलकी ठरलेली. तो स्वतः गाणी लिहायचा, दोन जाड वह्या भरल्या होत्या. एका वर्षी समितीने डीजेवाल्याला आगाऊ रक्कम दिली आणि मित्राला सांगितले, ‘जयंतीचा हिशेब लागला की तुझं बघू.’ सांगणारे आम्हीच होतो. हिशेब लागलाच नाही. चाळिशीच्या आत तो आजाराने गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात आम्ही प्रत्येकी दहा-दहा मिनिटे बोललो. नंतर वह्यांची चौकशी केली, तर घर बदलताना त्या रद्दीत गेल्या होत्या. आमच्या फोनमध्ये त्याच्याबरोबरचे सेल्फी निघाले. गाणे एकही पूर्ण निघाले नाही.

हा एका मित्राचा किस्सा म्हणून सोडून देता येत नाही. ज्यांच्या हातात छापखाने, विद्यापीठे आणि आकाशवाणी होती त्यांचे कलावंत आपोआप ‘परंपरा’ झाले. आमचे जलसाकार, शाहीर, गायक लोकांच्या कंठात जगले. कंठ गेला की गाणे जाते. वामनदादा कर्डकांनी मोठेपणी अक्षरओळख करून घेतली आणि हजारो गाणी रचली. शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत. तीच त्यांची सही. आज मिरवणुकीतल्या रिमिक्समध्ये धृपद आणि ठेका उरतो, शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे गाणे आम्ही नाचायला ठेवले आणि कवीची सही पुसून टाकली.

काही मित्र म्हणतात, आपण बौद्ध आहोत, सगळे अनित्य आहे, व्यक्तिपूजा नको. बरोबर आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातील भक्तीचा धोका बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितला होता. पण स्मरण म्हणजे पूजा नव्हे. पूजेला फोटो पुरतो. स्मरणाला पुरावा लागतो, खरेपणा लागतो. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ मराठी कवितेला हादरवून गेला हे जितके सांगायचे, तितकेच त्यांच्या नंतरच्या राजकीय वळणांवरही बोलायचे. गेलेल्या माणसाला देव केले की त्याच्याकडून शिकणे थांबते.

म्हणून मंडळांपुढे तीनच गोष्टी ठेवतो. पहिली, जयंतीच्या वर्गणीतला ठरलेला वाटा कलावंतांचा. मानधन कार्यक्रमाच्या दिवशी, डीजेच्या आधी. दुसरी, आपल्या वस्तीत आज हयात असलेल्या गायक, वादक, जलसाकारांच्या घरी जा. वह्यांचे फोटो काढा, गाणी कवीच्या नावासह रेकॉर्ड करा आणि एक प्रत त्यांच्या घरी, एक विहाराच्या ग्रंथालयात ठेवा. तिसरी, कलावंत आजारी पडला, एकटा पडला, कर्जात बुडाला तर ते चळवळीचे काम समजा. वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ ला, जयंतीच्या आदल्या दिवशी कोरोनाने गेले. ‘कोर्ट’ चित्रपटात त्यांनी उभा केलेला शाहीर नारायण कांबळे आम्ही सगळ्यांना अभिमानाने दाखवतो. पण आमच्या गल्लीतला नारायण कांबळे कसा जगतो, हे आम्हाला माहीत असते का?

आमच्या मित्राच्या वह्या आता परत येणार नाहीत. त्याचे राहिलेले मानधन आम्ही त्याच्या घरी पोहोचवले, पण फार उशिरा. तुमच्या वस्तीत अजून वेळ गेलेली नाही. पुढचे अभिवादन टाकण्याआधी एका जिवंत शाहिराचे दार वाजवा.

जय भीम!