जुन्या गाडीची बॉडी बदलली, तर ती 'तीच' गाडी राहते का? समजून घ्या नियम

एमएच-२२ म्हणजे परभणी. हा नंबर येण्याच्याही आधीच्या कितीतरी गाड्या जिल्ह्यात अजून टिकून आहेत. कुणाच्या वाड्यात आजोबांची फियाट, कुणाच्या शेतातल्या शेडमध्ये जीप, तर कुणाच्या घरी बजाज चेतक. चेतक बाजारात आली १९७२ साली. म्हणजे सुरुवातीच्या चेतक आता पन्नाशी ओलांडून 'विंटेज'च्या वयात आल्या आहेत.

अशा गाडीची पहिली गरज असते पत्राकाम. इंजिनचे पार्ट कुठून तरी मिळतात, पण गंजलेला पत्रा आपोआप बरा होत नाही. मग गॅरेजवाला सांगतो, "खालचा भाग पूर्ण नवा टाकू." इथंच प्रश्न येतो. पत्रा किती बदलला की गाडी जुनी राहत नाही?

हा प्रश्न जगभर गाजतोय, आणि त्याच्या मध्यभागी आहे टाटा समूहाच्या मालकीची एक कंपनी.

जग्वारनं काय केलं?

२००८ साली टाटा मोटर्सनं फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला विकत घेतली. या कंपनीचा 'जग्वार क्लासिक' नावाचा विभाग इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ जुन्या जग्वार गाड्या कारखान्यातच पुन्हा उभ्या करतो. १९६१ साली आलेली ई-टाइप ही स्पोर्ट्स कार पूर्ण सुटी करून, सडलेले भाग बदलून ग्राहकाला परत दिली जाते.

कंपनी त्याच्याही पुढे गेली. १९६३ मध्ये 'लाइटवेट ई-टाइप' या रेसिंग गाडीसाठी १८ चेसिस नंबर राखून ठेवले होते. प्रत्यक्षात गाड्या बनल्या १२. उरलेल्या ६ गाड्या जग्वारनं २०१४ पासून बनवल्या, त्याच शिल्लक नंबरांवर.

एक्सकेएसएस या मॉडेलची गोष्ट आणखी वेगळी. फेब्रुवारी १९५७ मध्ये कारखान्याला आग लागली आणि ९ गाड्या जळाल्या. २०१६ मध्ये कंपनीनं जाहीर केलं की त्या ९ गाड्या आम्ही आता बनवू. २०१८ मध्ये डी-टाइपचा नंबर लागला. त्या काळी १०० गाड्यांचा बेत होता, ७५ बनल्या होत्या. राहिलेल्या २५ बनवायचं ठरलं.

कंपनी तीच, आराखडा तोच. तरीही या गाड्या नव्याच धरल्या जातात. त्यामुळे रस्त्यावर चालवायची परवानगी त्यांना आपोआप मिळत नाही. थोडक्यात, खुद्द कंपनीनं बनवली म्हणून गाडी 'जुनी' होत नाही.

नुसती बॉडी विकत मिळते का?

मिळते. एमजीबी ही स्पोर्ट्स कार ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनली. पुढे 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेनं तिचे मूळ डाय शोधून काढले आणि १९८८ पासून त्याच डायवर नव्या बॉडी बनवायला सुरुवात केली. ज्यांची एमजीबी पार गंजली होती, त्यांना कारखान्याच्या मापाची कोरी बॉडी मिळू लागली. आपलं इंजिन, गिअरबॉक्स, सीट काढायचं आणि नव्या बॉडीत बसवायचं.

पण बॉडी म्हणजे नेमकं काय?

गाड्या ढोबळमानानं दोन प्रकारच्या असतात.

पहिल्या प्रकारात खाली लोखंडी चेसिस असते आणि तिच्यावर बॉडी नटबोल्टनं बसवलेली असते. उदाहरणार्थ, जुनी महिंद्रा जीप. इथं बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी चेसिस तशीच राहते.

दुसऱ्या प्रकाराला मोनोकॉक म्हणतात. यात वेगळी चेसिसच नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. एमजीबी अशीच आहे. आपली प्रीमियर पद्मिनी अशीच. दुचाकींमध्ये चेतकही अशीच.

म्हणजे जीपची बॉडी बदलणं आणि चेतकची बॉडी बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेतकमध्ये बॉडी गेली की फ्रेमही गेली, आणि त्यावरचा नंबरही गेला.

भारतातला नियम काय सांगतो?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्यातले मुख्य मुद्दे असे:

• पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना हा दर्जा मिळू शकतो.
• गाडी मूळ रूपात असावी. चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये बदल करणारं मोठं काम झालेलं नसावं.
• नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि नूतनीकरणासाठी ५,००० रुपये शुल्क आहे. नोंदणी १० वर्षं चालते.
• नव्या नोंदणीच्या नंबरात राज्याच्या कोडनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात.
• गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच बाहेर काढता येते.

याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सगळ्याच गाड्यांना लागू आहे. कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग अडचण कुठे आहे?

'बदल' या एका शब्दात. चेतकला लांब हँडल लावून चॉपर बनवली, तर तो बदल आहे यात वाद नाही. पण सडलेला तळ कापून त्याच मापाचा, त्याच आकाराचा पत्रा जोडला तर? कलम ५२ नुसार गाडीचं मूळ वैशिष्ट्य पालटणारा फरक म्हणजे बदल. त्या हिशेबानं ही दुरुस्ती ठरायला हवी. विंटेज नियमात मात्र दुरुस्ती कुठे संपते आणि बदल कुठे सुरू होतो, याची मोजपट्टी दिलेली नाही. निर्णय तपासणी करणाऱ्यांच्या हातात राहतो.

ब्रिटनमध्ये याचा हिशेब गुणांवर चालायचा. मूळ चेसिस किंवा मोनोकॉक बॉडीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. किमान ८ गुण झाले की गाडीचा जुना नंबर कायम. विशेष म्हणजे, कंपनीकडून घेतलेली त्याच मापाची नवी बॉडी असेल आणि पावती असेल, तरी ते ५ गुण मिळत. ऑगस्ट २०२५ पासून तिथले नियम आणखी सोपे झालेत आणि मूळ नमुन्याबरहुकूम केलेल्या दुरुस्तीला मोकळीक मिळाली आहे.

आपल्याकडे पद्मिनी बनवणारा कुर्ल्याचा कारखाना कधीच बंद झाला. त्यामुळे कंपनीची बॉडी आणि कंपनीची पावती हा मार्गच नाही. आपली 'फॅक्टरी' म्हणजे हातोडी आणि डॉली घेऊन पत्र्याला आकार देणारा टिंकर. जग्वारचे कारागीर जे हातानं करतात, तेच काम तोही करतो. फरक एवढाच, की त्याच्या कामाचा कागद कुठेच होत नाही.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर?

• काम सुरू करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबरचे फोटो वेगळे ठेवा.
• नंबर असलेला पत्रा कापू, घासू किंवा दुसरीकडे वेल्ड करू देऊ नका. नंबर गेला की गाडी चोरीची असल्याचा संशय येतो.
• अख्खी बॉडी बदलण्याऐवजी सडलेला तेवढाच भाग बदलून घ्या. काढलेले तुकडे लगेच भंगारात देऊ नका.
• गॅरेजकडून कामाचं लेखी बिल घ्या.
• आरसी आणि विमा चालू ठेवा. मोठं काम काढण्याआधी आरटीओत विचारा.

विंटेजचा दर्जा मिळाला, तर जुनी गाडी भंगाराच्या रांगेतून बाहेर पडते. नियम करणाऱ्यांनी दुरुस्ती आणि बदल यांच्यात एक स्पष्ट रेघ ओढली, तर आणखी बऱ्याच गाड्या वाचतील. तोपर्यंत तुमच्या गाडीचं जुनेपण सिद्ध करणारा पुरावा तुम्हालाच सांभाळावा लागेल.