कॉफी तीच, धंदा वेगळा

कॅफे टाकायचा विचार करताय? मग मेन्यू छापायच्या आधी हे समजून घ्या.

इटलीत एस्प्रेसो म्हणजे जेमतेम 25-30 मिली. गिऱ्हाईक काउंटरवर उभ्या उभ्या पितं आणि लगेच निघतं. अमेरिकेत त्याच एस्प्रेसोत भरपूर दूध, सिरप, बर्फ घालतात. स्टारबक्सचा 'ग्रांडे' कपच 473 मिलीचा. शिवाय खुर्ची आणि निवांतपणा. हॉवर्ड शुल्ट्झ 1983 मध्ये मिलानचे कॉफीबार पाहून भारावले. 1986 मध्ये त्यांनी सिएटलला तसाच बार काढला, पण लोकांनी बसायला जागा मागितली आणि खुर्च्या ठेवाव्या लागल्या.

माझं स्पष्ट मत सांगतो. पहिल्या धंद्यात पैसा गिऱ्हाइकांच्या संख्येतून येतो, दुसऱ्यात प्रत्येक बिलातून. गल्लत केली की मेलो! दर उभ्याने पिण्याचा आणि गिऱ्हाईक दोन तास बसलेलं, तर जागेचं भाडं निघणार कुठून?

जागा लहान आणि वर्दळ मोठी असेल, तर अमृततुल्यसारखं उभं काउंटर चालवा. बसवणार असाल, तर खुर्चीचा खर्च कपाच्या किमतीत धरा. तुमची जागा यातली कुठली? आजच कागदावर हिशोब मांडा.