मुंबई बघायची, तर बसमधून उतरा

सांगली-साताऱ्याकडचे, नाही तर नगर-नाशिककडचे पाहुणे उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंबिवली-कांदिवलीला उतरले, की दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांच्या बशीबरोबर एकच विषय निघतो: मुंबई कधी दाखवताय? यजमानाला रजा नसते. मग 'मुंबई दर्शन'च्या खासगी बसची तिकिटं काढून दिली जातात. गेटवे, हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, हाजीअली, सिद्धिविनायक, नेहरू सायन्स सेंटर, वांद्र्याला नटांचे बंगले आणि दिवे लागता लागता जुहूची चौपाटी. पाहुणे रात्री परततात तेव्हा त्यांचे पाय नव्हे, पाठ दुखत असते.

या यादीतलं एकही ठिकाण टाकाऊ नाही. खोट आहे ती यादी ठरण्याच्या रीतीत. चाळीस-पन्नास माणसांची बस जिथे उभी राहू शकते आणि वीस मिनिटांत सगळे पुन्हा जागेवर येऊन बसू शकतात, ती मुंबईतली प्रेक्षणीय स्थळं ठरली. नटांचे बंगले यादीत शिरले, कारण बंद फाटकाकडे बोट दाखवायला बस थांबवावीही लागत नाही. कान्हेरीची लेणी बाहेर राहिली, कारण तिथे अर्धा दिवस मोडतो. शहराने जगाला दाखवण्यासारखं जे जपलं किंवा निदान मोडलं नाही, ते बहुतेक सगळं या हिशेबात बाद झालं.

गंमत अशी, की हे शहर रेल्वेने वाढवलं. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि पुढे रुळांच्या कडेकडेने मुंबई उत्तरेला सरकत गेली. तिची खरी बघण्यासारखी ठिकाणंही लोकलच्या स्थानकापासून चालत, नाही तर साध्या रिक्षाच्या अंतरावर आहेत. पाहुण्यांच्या हातात बसचं तिकीट देण्याऐवजी लोकलचा नकाशा द्यावा आणि सुरुवात गेटवेवरून नव्हे, बोरिवलीवरून करावी.

बोरिवली पूर्वेला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून आत सहाएक किलोमीटरवर कान्हेरी आहे. काळ्या पाषाणात खोदलेली शंभरावर लेणी, आणि खोदकाम चाललं ते इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं. तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला. त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना वीस फुटांहून उंच बुद्धमूर्ती आहेत, त्या नंतरच्या. पण चैत्यापाशीच फोटो काढून मागे फिरणाऱ्यांची कान्हेरी चुकते. डोंगर चढून वर गेलं, की एकेका भिक्षूची खोली दिसते: दगडी ओटा, बसायला बाक, बाहेर पाण्याचं टाकं. कातळावर पडलेलं पावसाचं पाणी बारीक चर खोदून या टाक्यांत उतरवलेलं आहे. दरवर्षी मे महिन्यात पाणीकपातीच्या बातम्या वाचणाऱ्या शहराच्या डोक्यावर, त्याच पावसावर वर्ष काढणारी वसाहत होती, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

आणि भिंतींवरचे लेख. राजांचे थोडे, बहुतेक साध्या धंदेवाल्यांचे. कल्याणचा सोनार, कल्याणचाच लोहार, नाशिकचा रहिवासी, सोपाऱ्याचा व्यापारी. कोणी लेणं दिलं, कोणी टाकं, कोणी पायवाट. डोंबिवलीच्या पाहुण्यांना हे वाचून दाखवलं, तर त्यांना कल्याण म्हणजे गाडी बदलायचं जंक्शन एवढंच वाटणार नाही. ९० क्रमांकाच्या लेण्यात तर पहलवी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि तारखा तिथे कोरून ठेवल्या. आजचे प्रेमवीर खिळ्याने दगड खरवडतात तेव्हा पुरातत्त्व खात्याने दंड करायलाच हवा. पण हजार वर्षांपूर्वीच्या पर्यटकांची तीच हौस आज अभ्यासाचा विषय झाली आहे.

बोरिवलीच्याच पश्चिमेला मंडपेश्वर. आता मेट्रोच्या स्थानकालाही त्याचं नाव आहे, त्यामुळे सापडत नाही ही सबब उरलेली नाही. शैव लेणी, आत नटराज. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात त्याचं चर्च केलं, वर मठ बांधला, भिंतीवर क्रूस कोरला. मराठ्यांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर पोर्तुगीज गेले, वरच्या इमारतीची पडकी भिंत राहिली, खाली पुन्हा महादेवाची पूजा सुरू झाली. उत्तर कोकणाचा हजार वर्षांचा इतिहास एका मैदानाएवढ्या जागेत मांडलेला आहे.

अंधेरीला 'महाकाली केव्हज रोड' ठाऊक नसलेला रिक्षावाला मिळणार नाही. त्या रस्त्याच्या टोकाला खरोखरच लेणी आहेत, हे मात्र रोज तिथून ऑफिसला जाणाऱ्या हजारोंनी कधी जाऊन पाहिलेलं नसतं. कोंडिविटेची ही एकोणीस बौद्ध लेणी. त्यातल्या चैत्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी भिंत कोरलेली आहे, दगडी जाळीच्या खिडक्यांसह. लाकडी-कुडाची घरं बांधणाऱ्या कारागिराने पहिल्यांदा छिन्नी हातात घेतल्याची खूण तिथे दिसते.

जोगेश्वरीची गुंफा बघायला मात्र मन घट्ट करून जावं. सहाव्या शतकातलं हे शैव लेणं अभ्यासक घारापुरीच्या किंचित आधीचं मानतात; म्हणजे घारापुरीची जगप्रसिद्ध सदाशिवमूर्ती घडवणाऱ्या परंपरेची ही आधीची पायरी. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं, आणि मान वर केली की लेण्याच्या माथ्याभोवती वस्ती दाटलेली दिसते. पाणी झिरपून शिल्पं झिजली आहेत, कित्येक ओळखूही येत नाहीत. आत जोगेश्वरी देवीची पूजा होते, लोक श्रद्धेने येतात. म्हणूनच कदाचित ती एवढी तरी शिल्लक आहे. हीच गुंफा युरोपातल्या कुठल्या शहरात असती, तर आपल्याकडच्या सहल कंपन्यांनी तिच्यासाठी जादा दिवस ठेवला असता.

आता कोणी म्हणेल, आजीचे गुडघे आणि नातवाचा हट्ट सांभाळून पाहुण्यांनी लेणी किती चढायची? प्रश्न रास्त आहे. आजीला कान्हेरी झेपणार नाही, तिला सिद्धिविनायकच बरा. बस असावीच. बेस्टची ती उघड्या टपाची डबलडेकर ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, तेव्हा हळहळ वाटलीच. रात्रीच्या दिव्यांत मरिन ड्राइव्ह बघण्याचा तिच्याइतका चांगला मार्ग दुसरा नव्हता. पण बसमधून दिसतं ते शहराचं दर्शनी तोंड, आणि तेवढ्यावर मुंबई पाहिली म्हणणं फसवणुकीचं आहे.

दक्षिण मुंबईचंही तेच. तिथे जावं, पण पायी. गेटवेवर बस वीस मिनिटं देते. तेवढ्यात एक फोटो आणि एक भेळ होते. १९११ मध्ये पंचम जॉर्ज उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच, त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती दाखवली होती. बांधून पुरी झाली १९२४ मध्ये, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण तिच्याखालून निघून गेली, हे सांगायला गाइडला सवड नसते. गेटवेकडून चालत ओव्हल मैदानावर यावं. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, हे गॉथिक. पश्चिमेला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्यांची. मधे मैदानावर एकाच वेळी चाललेले क्रिकेटचे अनेक डाव, एकाचा फील्डर दुसऱ्याच्या पिचवर. युनेस्कोने २०१८ मध्ये या दोन्ही बाजूंच्या मिळून ९४ इमारती जागतिक वारशात घेतल्या. आर्ट डेकोच्या इमारतींत आजही माणसं राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला तो प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या बादशहाच्या पैशातून. नाव त्याच्या आईचं. आई अंध होती, सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची वेळ तिला ठोक्यांवरून कळावी म्हणून मनोरा बांधला, असं सांगतात. खरं असो-नसो, गोष्ट मुंबईला शोभते.

सीएसएमटी तर रोज लाखो लोक बघतात, म्हणजे बघत नाहीत. ८.१२ पकडणाऱ्याने मान वर करावी तरी कशी? एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या आराखड्यानुसार दहा वर्षं खपून उभ्या केलेल्या या इमारतीवरची पानं, माकडं, मोर कोरण्यात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचा हात होता. रविवारी दुपारी, गर्दी विरळ असताना तिथे जावं.

तिथून तिसरं स्थानक भायखळा. राणीच्या बागेत पेंग्विन आले २०१६ मध्ये, आणि त्यांच्यासाठी रांगा लागतात. त्याच आवाराला लागून असलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात मात्र निवांतपणा असतो. १८७२ मध्ये उघडलेलं हे मुंबईचं सर्वांत जुनं संग्रहालय. भाऊ दाजी हे डॉक्टर, संस्कृतचे पंडित, प्राचीन लेखांचे वाचक. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने लोकवर्गणीची खटपट केली आणि इमारतीला नाव लागलं व्हिक्टोरिया-अल्बर्टचं. भाऊंचं नाव दारावर यायला १९७५ उजाडलं. आत जुन्या मुंबईतल्या जातीजमाती, धंदे, पगड्या यांच्या मातीच्या बाहुल्या आहेत. त्या बघताना पोरं कंटाळत नाहीत, उलट आजोबांना 'तुम्ही यातले कोण' असं विचारतात. बाहेर अंगणात एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायची खटपट केली, त्यात तो फुटला. तुकडे जोडून तो इथे उभा केला. लाँचमध्ये तासभर बसून घारापुरीला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं, की त्या बेटाचा हत्ती भायखळ्याला आहे?

पुढे परळ, दादर. मुंबई दर्शनाच्या बसला गिरणगाव म्हणजे दोन सिग्नलमधला वैताग. ज्या गिरण्यांनी हे शहर श्रीमंत केलं आणि १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर ज्या एकेक करून विझल्या, त्यांच्या जागी मॉल आणि हॉटेलं आली. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेतलं वस्त्रोद्योग संग्रहालय वर्षानुवर्षं रखडतं आहे. गिरणी कामगाराची खोली, त्याची खानावळ, त्याची भजनाची पेटी पाहुण्यांना दाखवायची तर आज दाखवायची कुठे? लंडनच्या धर्तीवर आकाशपाळणा उभारण्याच्या घोषणा करणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं.

या भागात यायला वेगळं निमंत्रण न लागणारे पाहुणेही आहेत. ६ डिसेंबरला मराठवाड्यातून, विदर्भातून लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. हिंदू कॉलनीतलं राजगृह त्यांना तोंडपाठ असतं. बाबासाहेब ज्या बीआयटी चाळीत दोन दशकं राहिले, ती परळला आहे हेही त्यांतल्या अनेकांना माहीत असतं. शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून ते पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. एवढी माणसं एका दिवसात शहराचा एक अर्थपूर्ण नकाशा पायाखाली घालतात. पण पर्यटनाच्या पुस्तिकांत त्यांना 'गर्दी' म्हणतात आणि वाहतुकीतल्या बदलांच्या सूचनेत त्यांची बोळवण होते.

शिवडीचं एका परिच्छेदात भागेल. हिवाळा सरता सरता शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरलेले असतात. हार्बर लाइनने जावं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जावं. पाणी उतरलेलं असलं तर गुलाबी पट्टा दिसतो, त्याच्या मागे अटल सेतू. ऐरोलीहून वन खात्याच्या बोटीनेही ठाणे खाडीत जाता येतं.

हे सगळं पाहुण्यांपर्यंत पोहोचवायला कोटींची घोषणा लागत नाही. अंधेरी, जोगेश्वरी, बोरिवली, भायखळा, शिवडी या स्थानकांच्या जिन्यापाशी एक सुबक मराठी पाटी लागते: कोणतं ठिकाण, कुठल्या बाजूने, किती अंतर, कोणत्या वारी बंद. लेण्यांपाशी स्वच्छ संडास आणि पिण्याचं पाणी लागतं. आसपासच्या वस्तीतल्या दहा-बारा मुलामुलींना शिकवून गाइड केलं, तर जोगेश्वरीच्या गुंफेला पहारेकरीही फुकटात मिळतील. महापालिका, रेल्वे आणि पुरातत्त्व खातं यांनी एका टेबलाशी बसायचं एवढंच अवघड आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर यजमानांनी दोन दिवसांचा बेत असा करावा: पहिल्या दिवशी सकाळी लवकर कान्हेरी, डबा आणि पाणी घरून, संध्याकाळी वाटेत महाकाली. दुसऱ्या दिवशी भायखळा, मग सीएसएमटी, फोर्टातून चालत ओव्हल आणि गेटवे. घारापुरी जमली तर तिसऱ्या दिवशी. सोमवार मात्र टाळावा, कारण राष्ट्रीय उद्यान आणि घारापुरी दोन्ही बंद असतात. आणि बुधवारी भाऊ दाजींचं संग्रहालय.