सोफ्यामागची भिंत

भगिनींनो, हप्त्यांवर घेतलेला सोफा आला की मागची भिंत ओकीबोकी दिसते. तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर दर्शनी भिंतीवर उंचावरच हवी. तिची जागा सोफ्याचा रंग ठरवीत नाही. सोफ्यामागे वारली चित्र लावावे. गेरूवरची पांढरी रेघ तपकिरी किंवा हिरव्या सोफ्यामागे खुलते. लाल सोफा असेल तर शेणाच्या रंगावरचे घ्यावे. लग्नाचा चौक पालघट देवीचा, तो वारली बांधवांच्या श्रद्धेचा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरी तारपा नाच, भातलावणी शोभेल. याच कलेसाठी डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. छापील नक्कल टाळा, हाताने काढलेले घ्या आणि घासाघीस करू नका. श्रमाचे मोल आपण नाही जाणायचे, तर कोणी? जय भीम!